शमशादकडचं जेवण

शुभ्रा सूतगिरणीत डबा फेकून मारण्याचा प्रकार झाला, तेव्हा दूध संघाची निवडणूक तोंडावर आली होती. आता सूतगिरणीचा आणि दुधाचा काय संबंध, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण इचलकरंजीकडच्या माणसाला निवडणूक कुठलीही चालते. दूध संघाची असो, पतपेढीची असो, नाहीतर तालमीच्या मंडळाची असो, आपला गट ठरलेला असतो आणि समोरच्या गटाचा माणूस कितीही सज्जन असला तरी त्या महिन्यापुरता तो चोरच असतो. कँटीनमध्ये एकीनं दुसरीच्या गटाच्या चेअरमनचा उद्धार केला, दुसरीनं भरल्या वांग्याचा डबा भिरकावला आणि तो लागला तिसरीच्याच कपाळाला. टाके पडले. अर्धी पाळी साचे बंद राहिले.

त्या भांडणात वैजयंता मगदूम नव्हती. कपाळावर रुमाल दाबून त्या पोरीला दवाखान्यात नेणारी तीच होती. साचेखात्याची ती मुकादम. शेकडो चात्या गरगरत सूत कातणारे लांबच्या लांब साचे तिच्या नजरेखाली चालत आणि त्या साच्यांवरच्या बाया तिला वैजाक्का म्हणत. व्यवस्थापनानं जेव्हा विचारलं, की या राजकारणाच्या भांडणांवर एक यंत्र आलं आहे, बसवू का, तेव्हा खात्याच्या वतीनं तिनंच मान डोलावली होती. ताज्या रक्ताचा रुमाल धुतलेल्या बाईला शांतता हवीशी वाटली, यात तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

यंत्राचं नाव होतं ‘सलोखा’. ते बसवायला फारसं काही करावं लागलं नाही, कारण निम्मं यंत्र बायांच्या कानांवर आधीपासून होतं. साचेखात्यात कानठळ्या बसतात. पूर्वी बाया कानात कापसाचे बोळे घालून एकमेकींचे ओठ वाचत. मग कायदा आला आणि कंपनीनं प्रत्येकीला कानांवर बसणाऱ्या वाट्या दिल्या. बायांनी त्यांचं नाव ठेवलं कुड्या. सोन्याच्या नाहीत, निदान प्लॅस्टिकच्या तरी सासरहून मिळाल्या, असं म्हणून त्या हसल्या होत्या. कुड्यांची करामत साधी होती. आवाज म्हणजे हवेतली लाट. कुडीतला चिमुकला कर्णा साच्यांच्या घरघरीची बरोबर उलटी लाट सोडायचा, त्या लाटेला चढ असेल तिथं हिचा उतार, आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकायच्या. उरायची शांतता. त्या शांततेत बोलणं ऐकू यायचं ते मात्र हवेतून नाही. बोलणारीच्या तोंडाजवळचा माइक शब्द उचलायचा, ते छताखालच्या संगणकाकडं जायचे आणि तिथून ऐकणारीच्या कानात. म्हणजे पूर्वी गावात शिरणारा प्रत्येक ट्रक जसा जकात नाक्यावर थांबायचा, तसा खात्यातला प्रत्येक शब्द त्या संगणकापाशी थांबून पुढं जात होता. नाका होताच, ‘सलोखा’नं फक्त तिथं शिपाई बसवला.

हा शिपाई बोलण्याचा सूर, वेग आणि पहिले एक-दोन शब्द ऐकून पुढं काय येणार ते ताडायचा. आईला नाही का, पोराच्या पहिल्या हुंकारावरून कळतं, आता रडणार म्हणून, तसं. बोलणं राजकारणाकडं, तंट्याकडं निघालं की तो आवाज मंद करायचा. पहिले काही महिने एवढंच होतं. मग ‘सलोखा’मध्ये सुधारणा झाल्याची सूचना फलकावर लागली. फलकावरच्या सूचना गिरणीत कोण वाचतं? सगळ्या जणी पगाराच्या तारखेखेरीज काही वाचत नसत आणि वैजयंताही त्याला अपवाद नव्हती.

शांतता मात्र खरीच आली. कँटीन शेडमध्येच होतं आणि भांडणानंतर तिथंही कुड्या घालायचा नियम झाला होता, त्यामुळं तिथलाही कालवा संपला. सूत जास्त निघू लागलं. कार्मिक अधिकारी सबनीससाहेब, पुण्याहून आलेला गोरटेला, सभ्य माणूस, दर आठवड्याला खात्यात येऊन सर्वांना नमस्कार करून जायचा. वैजयंताला सगळं बरं वाटत होतं, एक शमशाद सोडली तर.

शमशाद मुल्लाणी आणि वैजयंता एकाच महिन्यात गिरणीत लागल्या आणि वीस वर्षं शेजारशेजारच्या साच्यांवर भांडत आल्या. शमशादचा गट वेगळा, वैजयंताचा वेगळा. सकाळी आल्या आल्या एकीनं काडी टाकायची, दुसरीनं पेट घ्यायचा आणि चहाच्या सुट्टीत एकाच पेल्यातला चहा बशीत वाटून घ्यायचा, हा त्यांचा नेम. एकमेकींना फोन करायची सवय त्यांना नव्हती. दिवसभर इतकं बोलल्यावर घरी जाऊन काय बोलायचं? सुट्टी झाली की शमशाद इचलकरंजीची बस पकडायची आणि वैजयंता स्कूटीवरून गावाकडं निघायची.

पण अलीकडं शमशादला काही चवच राहिली नव्हती. वैजयंता मुद्दाम तिच्या चेअरमनला शिव्या घालायची आणि शमशाद उत्तर द्यायची, की आज ऊन फार आहे गं. लांबणीवर पडलेल्या दूध संघाच्या निवडणुकीचा निकाल लागला, शमशादचा गट पडला, वैजयंता दिवसभर तिला डिवचत राहिली. शमशाद म्हणाली, पाणी पीत जा, तब्येतीला जप. सुतकात असल्यासारखा तिचा शहाणपणा बघून वैजयंताला वाटलं, बाई म्हातारी झाली. मग वाटलं, रागावली. मग वाटलं, जाऊ दे. कापसाच्या फुफाट्यामुळं सगळ्यांच्या तोंडावर मास्क असायचे, त्यामुळं शमशादचे ओठ काय म्हणत होते ते दिसायला मार्ग नव्हता, आणि चहाच्या वेळी मास्क उतरला तरी ओठ वाचायची सवय कुड्यांनी केव्हाच मोडली होती.

घरीही काहीतरी बिघडलं होतं. एका रात्री जेवताना नवरा आणि दीर ग्रामपंचायतीवरून हमरीतुमरीवर आले आणि वैजयंताचा हात आपोआप कानाकडं गेला, कुडी नीट बसवायला. कानावर काहीच नव्हतं. तिला तो आवाज सोसवेना. तिनं दोघांनाही गप्प बसायला सांगितलं. आप्पासो, तिचा नवरा, घास हातात धरून बघतच राहिला. पूर्वी या घरात सगळ्यांत मोठ्यानं तूच बोलायचीस, असं तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता. वैजयंताला त्या रात्री स्वतःचीच भीती वाटली.

त्याच सुमारास व्यवस्थापनानं ठरवलं, की खातं इतकं शांत झालंय तर प्रत्येक बाईनं चाराऐवजी सहा साचे बघावेत. कामगार समितीची निवडणूक जवळ आली होती आणि यावर तिथं कुणीतरी तोंड उघडणं भाग होतं. शुभ्रा गिरणीत समितीला उभं राहायची एक जुनी रीत आहे. कागदबिगद नसतो. ठरलेल्या दिवशी साहेब खात्यात येतो आणि त्याच खात्यातल्या दुसऱ्या कुणीतरी आपल्या साच्याशेजारी उभं राहून उमेदवाराचं नाव तीनदा पुकारायचं. स्वतःचं नाव स्वतः पुकारता येत नाही. पुकारणारा मिळाला नाही तर उमेदवारी नाही.

एके दिवशी शमशाद साचा सोडून तिच्यापाशी आली. डोळे वेगळेच होते, काहीतरी मोठं मागायला आल्यासारखे. वैजयंताच्या कानात शमशादचा आवाज आला: “रविवारी माझ्याकडं जेवायला येशील काय?”

वैजयंता गोंधळली. मगदुमांचं घर जैनांचं, आणि शमशादला तिचं खाण्यापिण्याचं सगळं पाठ होतं. वीस वर्षांत तिनं कधी जेवायला ये म्हटलं नव्हतं. ईदला ती शेवया, खारीक, बदाम, चारोळ्या असं शिरखुर्म्याचं कोरडं सामान बांधून आणायची आणि सांगायची, तुझ्या चुलीवर तुझ्या भांड्यात कर. असं बोलावून तिनं आपल्याला पेचात का टाकावं?

“आत्ताच कशाला ठरवायचं?” वैजयंता म्हणाली. “बघू की पुढं.”

शमशाद वळून निघून गेली. त्या दिवशी तिनं चहा एकटीनं प्यायला, आणि दुसऱ्या दिवशीही.

आठवडाभर वैजयंताला ते लागून राहिलं. वीस वर्षांत एकदा बोलावलं आणि आपण तोंडावर नाही म्हटलं. दहीभात तरी खाल्ला असता. रविवारी तिनं डोक्यावरून अंघोळ केली, घरच्या म्हशीच्या दह्याचा डबा घेतला आणि स्कूटी इचलकरंजीच्या रस्त्याला लावली.

शमशादच्या गल्लीत वळल्यावर तिला कोपऱ्यावर खात्यातली रुक्मिणी भंडारे दिसली, हातात केळ्यांची फणी. मग सुजाता दिसली, नवऱ्याच्या गाडीवरून उतरत होती. शमशादच्या दारात आणखी चार-पाच जणी ठेवणीतली लुगडी नेसून उभ्या होत्या आणि जी ती दुसरीकडं, ही कशी काय आली, असं बघत होती. दार उघडलं. शमशाद धुण्याला बसली होती. हात कोपरापर्यंत फेसात, साडी वर खोचलेली. गर्दी बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

“कोण गेलं गं?” तिनं विचारलं.

कुणी गेलं नाही म्हटल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कुणी काय विचारायच्या आत बरसली. आठवडाभर दारोदार फिरल्यासारखी एकेकीच्या साच्यापाशी गेले, माझं नाव पुकारा म्हणून हात जोडले, एकीनं पुकारतो म्हटलं नाही, येतो की, बघू की असं म्हणून टाळलं, आणि आता सणासारख्या नटून कशाला आलाय, असं तिचं म्हणणं.

“तू जेवायला बोलावलंस की,” रुक्मिणी म्हणाली. “मटण करतो म्हणालीस.”

“मी?” शमशाद म्हणाली. “महिन्याच्या शेवटाला? अख्ख्या खात्याला मटण?”

आणि मग तिथं अंगणात, धुण्याच्या पिळ्यांमध्ये, सगळा हिशेब उलगडला. शमशाद म्हणाली होती, माझं नाव पुकारशील काय. वैजयंताला ऐकू आलं होतं, जेवायला येशील काय. सुजाता सहा साच्यांवर बोलली होती, शमशादला ऐकू आलं होतं, तुझी साडी झकास आहे. महिनोन्‌महिने खात्यात दोघी बोलायच्या आणि दोघींच्या कानात दोन निरनिराळी बोलणी व्हायची. आवाज बरोबर तिचाच, लकब तिचीच, शब्द तेवढे भलतेच. आधी सगळ्या हसल्या. रुक्मिणी तर केळी पोटाशी धरून खाली बसली. मग एकेक करून हसणं थांबलं, कारण प्रत्येकीला काही ना काही आठवू लागलं, जे आपण बोललो होतो आणि ज्याला आपल्याला उन्हापावसाचं उत्तर मिळालं होतं.

वैजयंताला सगळ्यांत जास्त राग आला तो स्वतःचा. शमशाद आपल्याला जेवायला बोलावणार नाही, हे तिला माहीत होतं. यंत्राला कोरड्या सामानाची पुडी माहीत नव्हती, तिला होती. तरी तिनं कानावर विश्वास ठेवला आणि माणसावर नाही. हे तिनं शमशादला तसंच सांगून टाकलं आणि सांगताना तिचे डोळे भरून आले.

“रडू नगं,” शमशाद म्हणाली. “उद्या पुकारायचा दिवस हाय. पुकारशील का त्येवढं सांग.”

“मी मुकादम आहे गं.”

“म्हणूनच इचारतोय.”

वैजयंतानं दह्याचा डबा तिच्या ओल्या हातात दिला. “पुकारतो,” ती म्हणाली.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी ती सबनीससाहेबांच्या केबिनमध्ये गेली. तिथं कुड्या लागत नाहीत. साहेबानं काही लपवलं नाही. उलट चहा मागवून त्यानं समजावलं. नुसता आवाज मंद केला की माणसं ओरडून बोलतात, असं दिसून आलं. म्हणून शब्दच बदलायचे. प्रत्येकीच्या आवाजाचा नमुना यंत्रापाशी आहेच. पहिल्या शब्दावरून वाक्य ताडायचं आणि पापणी लवायच्या आत त्याच आवाजात दुसरं, निरुपद्रवी वाक्य जोडायचं. आणि ते वाक्य कुठून आणलं? या खात्यातल्याच बोलण्यातून. कोणत्या बोलण्यानंतर या बायांचा सूर सर्वांत मवाळ होतो ते यंत्रानं स्वतः शोधून काढलं. ऊन, पाणी, साडी, आणि सर्वांत गुणकारी म्हणजे जेवायचं आमंत्रण.

“तुमचं बोलण्याचं स्वातंत्र्य शाबूत आहे, वैजयंताताई,” सबनीस म्हणाले. “तुम्ही काय वाटेल ते बोला. आम्ही फक्त ऐकण्याची सोय केली आहे.”

“मग मी बोललेलं जातंय कुठं?”

त्यावर साहेब म्हणाले, की उमेदवारीची काळजी नको. अधिकाऱ्यांच्या कुड्यांना ही सुधारणा लावलेली नाही. मला सगळं जसंच्या तसं ऐकू येतं. तुम्ही नाव पुकारा, मी नोंद घेईन. मात्र खातेप्रमुखाची जागा पुढच्या वर्षी रिकामी होते आहे आणि तुमचं नाव वर गेलेलं आहे, याचाही विचार करा.

विचार तिनं केला. केला नाही म्हटलं तर खोटं होईल. खातेप्रमुख म्हणजे गिरणीच्या इतिहासातली पहिली बाई. केबिनपासून साचेखात्यापर्यंतच्या वाटेवर ती दोनदा थांबली. पण दोन्ही वेळा तिला शमशादचे फेसाळ हात आठवले आणि ती चालू लागली.

दुपारी साहेब कुड्या घालून खात्यात आले आणि मधल्या वाटेत उभे राहिले. साचे पूर्ण वेगानं चालू होते. समितीसाठी कुणाचं नाव पुकारायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. हे वाक्य मात्र सगळ्यांच्या कानात नीट आलं. वैजयंता आपल्या साच्याशेजारी उभी राहिली.

“शमशाद मुल्लाणी,” ती माइकमध्ये म्हणाली. “सहा साच्यांच्या विरोधात, साचेखात्यातनं.”

साहेबांचा चेहरा उजळला. “अहो, नक्की,” ते म्हणाले. “रविवारी जमवतोच. पण मला तिखट चालत नाही बरं का.”

क्षणभर वैजयंताला कळेना. मग कळलं. साहेबाच्याही कानात तोच शिपाई बसला होता आणि साहेबाला पत्ता नव्हता. कामगार आणि साहेब यांच्या बोलण्याइतकं तापणारं बोलणं गिरणीत दुसरं कुठलं? यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. यंत्र बनवणाऱ्यांनी साहेबाला सूट द्यायचं कबूल केलं असेल. दिली नव्हती, एवढंच. किती महिने या माणसाला सगळं खातं आपल्याला जेवायला बोलावतंय असं वाटत असेल!

तिला त्याची दयाही आली. पण दया नंतर. तिनं हात लांबवून साच्याचं तांबडं बटण दाबलं.

तिचा साचा थांबला. पलीकडं शमशादचा थांबला. मग रुक्मिणीचा, सुजाताचा, आणि मग खात्याच्या टोकापर्यंत एकेक घरघर विझत गेली. कालच्या अंगणात नसलेल्यांनाही सांगावं लागलं नाही. दर्शनी भिंतीवरच्या फलकावरचे उत्पादनाचे आकडे तांबडे झाले. बायांनी कुड्या काढून गळ्यात सोडल्या, मास्क हनुवटीखाली ओढले. काही पोरींनी तर शेजारणीचं तोंड कामाच्या वेळेत पहिल्यांदाच पाहिलं.

कुड्या राहिल्या फक्त साहेबांच्या कानांवर. वैजयंतानं स्वतःच्या कानाकडं बोट केलं. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि सावकाश त्या काढल्या.

“साहेब, मी जेवायला बोलावलं नव्हतं,” वैजयंता म्हणाली. “नाव पुकारलंतं. आता ऐका.”

आणि तिनं पुकारलं. पहिल्यांदा आवाज चिरकला. इतक्या महिन्यांत तो हवेतून कुठं गेलाच नव्हता. दुसऱ्यांदा तो पत्र्याच्या छताला लागून परत आला. तिसऱ्यांदा सगळं खातं तिच्याबरोबर पुकारत होतं. शमशाद साच्याला टेकून उभी होती आणि पदरानं डोळे पुसत होती, आणि कुणाला दिसतंय याची तिला पर्वा नव्हती.

सबनीससाहेबांनी हातातल्या कुड्या उलटसुलट करून पाहिल्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नोंद घेतली, असं ते म्हणाले. मग त्यांना अधिकारी असल्याचं आठवलं. साचे थांबवल्याबद्दल तुम्हाला लेखी उत्तर द्यावं लागेल, असंही म्हणाले.

“तोंडी देतो,” वैजयंता म्हणाली. “तुम्ही असंच, मोकळ्या कानानं ऐकायला या.”

ते गेले. पुढं काय व्हायचं ते होईल. खातेप्रमुखाची जागा तर गेल्यात जमा होती. तिनं पुन्हा साचा चालू करण्यासाठी हात उचलला, तेवढ्यात शमशाद जवळ आली.

“आता तरी माझ्या गटात येतीस का न्हाई?”

“कुठल्या? दूध संघाच्या? तुमचा चेअरमन दुधात पाणी घालतो.”

“आमचा दुधात पाणी तरी घालतो. तुमचा पाण्यात दूध घालतोय!”

पोरी खिदळल्या. एकीनं मध्येच तिसऱ्याच गटाची बाजू घेतली आणि तिला दोघींनी मिळून झापलं. भांडण चांगलं रंगलं, आणि कुणाचा डबा कुणाला लागला नाही.

मग वैजयंतानं साच्याच्या कडेला साचलेल्या कापसातून दोन बोळे वळले, कानात घातले आणि बटण दाबलं. घरघर उठली. कुड्या तिच्या गळ्यात तशाच लोंबत होत्या. पलीकडच्या साच्यावरून शमशाद काहीतरी म्हणत होती. मास्क हनुवटीखाली होता. वैजयंतानं मान पुढं काढून तिचे ओठ नीट वाचले. जेवणाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, आणि जे होतं ते मगदुमांच्या घरात उच्चारता आलं नसतं. वैजयंता पोटभर हसली आणि तिनं तसंच सणसणीत उत्तर दिलं.